तांड्याच्या मांडवातील पाहुणा

पूर्वीच्या मराठी मुलखात वतनाचा, शिवेचा किंवा वडीलकीचा तंटा गोतसभेपुढे निकालात निघाला म्हणजे त्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होत असे, आणि त्या महजराच्या शेवटी साक्षीदार म्हणून जी नावे येत त्यांत वादी-प्रतिवादींचे भाऊबंदच तेवढे नसत, तर पाटील-कुळकर्ण्यांच्या जोडीने गावचे बलुतेदार आणि पुष्कळदा शेजारच्या गावचे मोकदमही असत. ज्याला अक्षरओळख नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी काढी, आणि कुणब्याचा नांगर तर अशा अनेक कागदांवर आजही पाहावयास मिळतो. भावकीची साक्ष पुरेशी का मानली जात नसे, हे उघड आहे. तंटा पुन्हा उभा राहिला तर भावकी आपापल्या बाजूला वाटली जाणार, आणि खरे काय घडले हे सांगावयास ज्याचा त्यात काही हितसंबंध नाही असाच मनुष्य लागणार. विवाह हाही दोन घराण्यांमधील एक करारच आहे. म्हणून परक्या समाजाच्या लग्नात आपल्याला आग्रहाने बोलावून वडीलधाऱ्यांच्या पंक्तीला बसवतात, तेव्हा तो मान आपल्या पदाचा किंवा पैशाचा नसून आपल्या परकेपणाचा असतो आणि त्यासोबत साक्षीदाराची जबाबदारीही आपल्या पदरात पडते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

वऱ्हाडात, विशेषतः अमरावती-अकोल्याकडच्या शेतकरी, शिक्षक, डॉक्टर किंवा अडत्याला असे आमंत्रण येण्याचे प्रसंग पुष्कळ. अकोला जिल्ह्यात पातूर आणि बार्शीटाकळीच्या डोंगराळ भागात, आणि १९९८ पर्यंत त्याच जिल्ह्यात मोडणाऱ्या वाशीमकडील मानोरा-मंगरूळपीर भागात, बंजाऱ्यांचे तांडे गावोगावच्या शिवाराला लागून वसलेले आहेत. अमरावतीच्या उत्तरेला मेळघाटात धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकूंची गावे आहेत. कापसाच्या वेचणीला येणाऱ्या मजुरांशी, शाळेत शिकलेल्या मुलांच्या आईबापांशी, बाजाराच्या दिवशी उधारीवर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षांचा घरोबा होतो, आणि एके दिवशी तांड्याचा नायक वधूपित्याला सोबत घेऊन दारात उभा राहतो. पत्रिका हातात असते, परंतु बोलावणे तोंडीच पक्के होते. “सर, तुम्ही आल्याबिगर गोळ फुटत नाही,” असे नायकाने म्हटल्यावर ती केवळ सौजन्याची भाषा आहे असे समजून जो मनुष्य आहेराचे पाकीट कोणाच्या तरी हाती पाठवून मोकळा होतो, त्याने त्या वाक्याचा अर्थ नीट घेतला नाही असेच म्हणावे लागेल.

तांडा परक्या माणसाला मांडवात घेतो, यामागे जो इतिहास आहे तो ध्यानात आणल्याखेरीज या आमंत्रणाचे मोल कळत नाही. रेल्वे येण्यापूर्वी हिंदुस्थानातील धान्य, मीठ आणि कापूस यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. सतराव्या शतकात या देशात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले वाटेत भेटल्याचे लिहून ठेवले आहे. मोगलांच्या दख्खनच्या स्वाऱ्यांत फौजेला रसद पोहोचवण्याचे काम याच लोकांनी केले. पुढे १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, सडका बांधल्या गेल्या, आणि १८६७ साली भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. त्यानंतर थोड्याच काळात ज्या व्यवसायावर हा समाज शतकानुशतके जगला तो व्यवसाय बुडाला. फिरता मनुष्य हा सरकारच्या नजरेत संशयित ठरण्याचाही हाच काळ होय. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालचा. आणि महाराष्ट्रात बंजारा समाजाचे नाव आजही विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीत आहे.

वऱ्हाडातील बंजाऱ्यांच्या चालीरीतींचे पहिले विस्तृत टिपण कोणा पंडिताने किंवा मिशनऱ्याने केलेले नाही, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. ते वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याने केले. ते प्रथम १८६९ च्या सुमारास लिहिले गेले असावे आणि १८८२ साली पुन्हा छापले गेले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील बंजाऱ्यांवरील प्रकरणात या टिपणाचा भरपूर आधार घेतलेला आहे. टिपण परिश्रमपूर्वक केलेले आहे, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याबद्दल कृतज्ञ राहावे इतकी माहिती त्यात आहे. तरीही ज्याचे नेमलेले काम पाळतीचे, त्याच्या लेखणीतून त्या समाजाचे लग्न जगापुढे आले, हे विसरता येत नाही. बाहेरचा मनुष्य तांड्यावर आला तो पुष्कळ काळपर्यंत हाती वही घेऊनच आला. त्याच बाहेरच्या माणसाला नायकाच्या शेजारी घोंगडीवर बसवून त्याच्यादेखत मुलीचा शब्द देणे, हे या लोकांच्या मनाच्या थोरवीचे लक्षण आहे.

आता प्रत्यक्ष लग्नाकडे वळू. तांड्याची व्यवस्था नायक आणि कारभारी यांच्या हाती असते. न्यायनिवाडा पंचांच्या बैठकीत होतो. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे अशी कुळे असून एका कुळात सोयरीक होत नाही. जन्मपत्रिका पाहण्याची चाल पूर्वी नव्हती. सोयरीक ठरली म्हणजे दोन्ही तांड्यांचे नायक आणि जाणती माणसे एकत्र बसतात, बोलणी सर्वांसमक्ष होतात, आणि मग गूळ फोडून वाटला जातो. तो सर्वांनी तोंडात घातला की शब्द पक्का. येथे ना दस्तऐवज, ना मुद्रांक. त्यानंतर कोणी शब्द फिरवला तर ज्यांनी गूळ खाल्ला तेच त्याला पंचांपुढे ओढतात आणि दंड बसवतात, म्हणून गूळ कोणाकोणाच्या तोंडात गेला याला विलक्षण महत्त्व आहे. पितळी परातीत मधोमध फोडलेली भेली, तिच्या बाजूला सुपारी आणि एक रुपया, आणि परात पहिल्यांदा कोणापुढे न्यावयाची याबद्दल दोन्ही बाजूंच्या वृद्धांत हलक्या आवाजात चाललेली चर्चा, हे दृश्य मी पातूरच्या बाजूला एका तांड्यावर जवळून पाहिले आहे. शेवटी परात दोन्ही नायकांपुढून फिरून तिसऱ्या खेपेस माझ्यापुढे आली. घेतलेला खडा मी सवयीने हातातच धरून बसलो, तेव्हा शेजारच्या वृद्धाने “खा, सर, समद्यायले दिसू द्या,” असे सांगितले. कारण हातातल्या गुळाला तेथे काही किंमत नाही, तो खाताना पाहणाऱ्यांना दिसला पाहिजे.

व्यापारासाठी तांडे फिरत असत त्या काळी लग्ने पावसाळ्यात होत. त्या चार महिन्यांत बैलांना वाट चालता येत नसे आणि तांडा एका ठिकाणी मुक्काम करून असे. लग्न वधूच्या तांड्यावर होई आणि नवरदेव मोजक्या सोबत्यांनिशी येऊन तेथे बरेच दिवस राही. आता उसतोडीला आणि बांधकामावर गेलेली कुटुंबे परत येतात ती उन्हाळ्यात, त्यामुळे लग्नेही वऱ्हाडातील इतर लग्नांच्याच तिथींना येऊन मिळाली आहेत, आणि महिन्याचा मुक्काम दोन दिवसांवर आला आहे. नवरदेवाला वेतडू आणि नवरीला नवलेरी म्हणतात. जुन्या विधीत अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणेपेक्षा मुसळांना महत्त्व असे: जमिनीत रोवलेली मुसळे, बाजूला एकावर एक रचलेली मडकी, आणि त्यांच्याभोवती वधूवरांचे सात फेरे. आज पुष्कळ ठिकाणी भटजी येतात, मंगलाष्टके होतात, ध्वनिक्षेपकावर सिनेमाची गाणी लागतात; पण घरातली जाणती बाई पहाटे मुसळाची पूजा उरकून घेतेच.

पाहुण्याने ज्यासाठी जावे ते मात्र याहून निराळे आहे. बंजारा लग्नाचा आत्मा ढावलोमध्ये आहे. ढावलो म्हणजे नवरीने सासरी जाण्यापूर्वी आपल्या माणसांच्या गळ्यात पडून रडत रडत गायचे गीत; आणि हे रडणे उत्स्फूर्त असले तरी अशिक्षित नसते. लग्न ठरल्यापासून तांड्यातील वडीलधाऱ्या बाया संध्याकाळी मुलीला जवळ बसवून त्याची चाल, त्यातील संबोधने, आईला काय म्हणायचे, भावाला काय, वहिनीला काय, हे शिकवतात. आईला ‘याडी’ अशी हाक येते आणि तेथून सूर वर चढतो. एकेका नात्याची आठवण काढत, बालपणातील घरादाराचा उल्लेख करत तो हेलकावत राहतो, आणि जिच्या गळ्यात पडून मुलगी गाते ती बाईही त्याच चालीत तिला उत्तर देते. पूर्वी निरोपाच्या क्षणी नवरीला बैलाच्या पाठीवर उभी करीत, आणि तेथून हात उंचावून ती ‘हवेली’ गाई. तीत माहेरच्या तांड्याला, नायकाला, गुराढोरांना सुखी राहण्याचा आशीर्वाद असे. जाणारी मुलगी मागे राहणाऱ्यांना आशीर्वाद देते, हा भाव मला फार उदात्त वाटतो. आपल्या पाठवणीत मुलीला आशीर्वाद घेण्यापलीकडे भूमिका नसते.

ढावलोच्या वेळी परका पाहुणा बहुधा बाजूला सरतो, कारण हा घरातला प्रसंग, आपण त्यात कशाला, असे त्याला वाटते. परंतु त्याने सरू नये. मी पाहिलेल्या त्या लग्नात काठोकाठ आरसे जडवलेली कांचळी आणि जड फेटिया नेसलेल्या दोन वृद्धा, ज्यांच्या कानशिलांवरून घुगऱ्यांचे चांदीचे झुबके लोंबत होते आणि दंडापर्यंत चुडो चढलेला होता, त्या नवरीला धरून बायकांच्या रांगेतून फिरवीत होत्या. आमच्या घरची मंडळी मागे उभी होती. नवरी त्यांच्यापाशी आली, क्षणभर थांबली, आणि त्यांच्या खांद्यावर डोके टेकवून तिने तोच सूर धरला. मराठी आणि बंजाऱ्यांची गोरबोली यांच्या मिश्रणात शाळेचा, पुस्तकांचा, आमच्या अंगणातील नळाचा उल्लेख त्या ओळींत येत गेला. शिकवलेले गीत ती त्या जागेवर नव्याने रचत होती. घरच्या मंडळींना त्या चालीत उत्तर देता येण्यासारखे नव्हते. त्यांनी मुलीला घट्ट धरून ठेवले, आणि बाजूच्या वृद्धेने त्यांच्या वतीने दोन ओळी गाऊन उत्तर पुरे केले. परक्या बाईलाही नात्यात बसवून तिच्यासाठी उत्तर देणारी बाई उभी करावी, इतकी तयारी या रीतीत आहे.

ज्या वऱ्हाडात हे घडते तेथे लग्नगीताला मोठी परंपरा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थस्थान. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गोविंदप्रभूंना विवाहोत्सवाची लहर आली असता महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे गायिले, आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले ते या लग्नगीतांमुळेच. कथेतील वधूही वऱ्हाडचीच. कौंडण्यपूर हे भीष्मक राजाचे नगर वर्धा नदीच्या काठी आजही दाखवतात, आणि रुक्मिणीचे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झाले अशी लोकांची श्रद्धा आहे. त्या लग्नाला शिशुपालाच्या बाजूने जरासंधासारखे मोठमोठे राजे मानाचे पाहुणे म्हणून जमले होते. इतक्या पाहुण्यांच्या साक्षीला वधूचा होकार मात्र नव्हता, आणि तो नसल्यामुळे त्या साक्षीचे मोल शून्य झाले. महदाइसेने गायिले ते ज्याला आमंत्रण नव्हते त्याच्या विवाहाचे.

जेवणाविषयी थोडक्यात सांगतो. तांड्यावरच्या लग्नात बोकड पडतो, आणि रक्त व आतील भाग यांची सळोई हा मानाचा पदार्थ असतो. गव्हाच्या भरड्याची गुळाची लापसी देवालाही आणि पाहुण्यालाही. जो मांसाहार करत नाही त्याने पहिल्याच भेटीत नायकाला तसे स्पष्ट सांगावे. पूर्वी अशा पाहुण्याला कोरडा शिधा देत, आज वेगळी चूल मांडतात, आणि त्यात कोणाला राग येत नाही. राग येतो तो ताटावर बसून कारणे सांगणाऱ्याचा. आहेराला रक्कम लहान असली तरी ती नावानिशी पुकारली जाते, आणि उलट टॉवेल-टोपी अंगावर घातली जाते. ती घेऊन मांडवात निदान तासभर बसून राहावे. छायाचित्रे मांडवाच्या बाहेर काढावी, आणि ढावलो चालू असता मुळीच काढू नये.

आता जबाबदारीकडे येतो. जुन्या चालीप्रमाणे वराकडून वधूच्या बापाला बैल आणि रोकड द्यावी लागे. मुलीचे कष्ट एका तांड्यातून दुसऱ्या तांड्यात जात असत, त्याची ती भरपाई होती. स्वातंत्र्यानंतरच्या काळात, विशेषतः मुलगे शिकून नोकरीला लागल्यावर, हा ओघ उलटला आणि मुलीचा बाप हुंडा मोजू लागला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण हुंडा तांड्यावर फोफावला तो त्यानंतरच. ही गोष्ट मला मनापासून दुखवते, कारण या बाबतीत तांड्याने आम्हां गावकऱ्यांचेच अनुकरण केले आहे. ज्या समाजात गहुलीच्या तांड्यातून निघालेले, पुढे १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक यांनी १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी, जातीच्या भिंती ओलांडून, विवाह केला, त्या समाजाला या बाबतीत गावाकडून शिकण्यासारखे खरोखर काही नव्हते.

दुसरी गोष्ट वधूच्या वयाची. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरवले. १९७८ मध्ये ते अठरा आणि मुलाचे एकवीस झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा विवाहाला उत्तेजन देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या उत्तेजनात उपस्थित राहणे किंवा सहभागी होणे याचाही उल्लेख आहे. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला असतो, आणि १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली विवाहाची नोंदणीही त्याच्याच दप्तरी होते. त्या नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. म्हणून आमंत्रण घेऊन नायक दारात येईल तेव्हाच पाहुण्याने मुलगी कितवीत शिकते, तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे सरळ विचारावे. असे विचारण्याने मैत्री तुटेल ही भीती अनाठायी आहे. तुम्हाला गुळाची परात देणाऱ्या माणसाला तुमची चौकशी अपमानकारक वाटत नाही. शिक्षकाने विचारले म्हणून वर्षभर थांबलेली लग्ने या भागात झालेली आहेत.

मेळघाटातील कोरकू लग्न हे याहून वेगळ्या जगातले आहे, आणि तेथे जाणाऱ्याने बंजाऱ्यांवरून अनुमान बांधू नये. कोरकू भाषा मुंडा कुळातली, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणी संथाळी आणि मुंडारी दूर पूर्वेला झारखंडाकडे. आजूबाजूला मराठी, हिंदी आणि गोंडी यांचा गराडा असता ती सातपुड्याच्या या टोकाला टिकून राहिली आहे. मागणी घालायला मध्यस्थ जातात आणि पहिल्या खेपेला मुलीच्या बापाने होकार द्यायचा नसतो. पुन्हा पुन्हा जाणे-येणे होते आणि त्या येरझाऱ्यांतच दोन घरांची ओळख घट्ट होते. वराकडून द्यावयाच्या मूल्याला गोनोम म्हणतात. ते देण्याची ऐपत नसलेला मुलगा लमझाना म्हणून सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे शेतीत राबतो, आणि त्याच्या श्रमातून ते फेडले जाते. गोनोम रोख किती, जिनसा किती, बाकी किती, हे गावच्या पाटलासमक्ष मोठ्याने बोलले जाते. बायकांच्या रांगा एकमेकींचे हात धरून सुसून हा नाच नाचू लागल्या की पाहुण्याचे लक्ष साहजिकच तिकडे जाते, परंतु त्यापूर्वीची ही बोलणी त्याने लक्षपूर्वक ऐकली पाहिजेत.

याला कायद्याचेही कारण आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत नसून विमुक्त जातींत असल्यामुळे १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याला लागू आहे, आणि त्या कायद्याचे सातवे कलम प्रत्येक समाजाच्या रूढ विधींना मान्यता देते. कोरकू ही अनुसूचित जमात. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारची अधिसूचना नसेल तर, त्यातून वगळले आहे, म्हणजे त्यांच्यात रूढी हाच कायदा. पुढेमागे लमझान्याचा हक्क, गोनोमची परतफेड किंवा सोडचिठ्ठी यांवरून प्रकरण धारणीहून अमरावतीच्या न्यायालयात गेले, तर ती रूढी पुराव्याने शाबीत करावी लागते, आणि पुराव्याच्या कायद्यात रूढी ठाऊक असण्याचा संभव असलेल्या माणसांचे मत ग्राह्य धरलेले आहे. त्या वेळी मांडवात कोण कोठे बसले होते, पाटलाने कोणता आकडा उच्चारला आणि मुलीने मान हलवली की नाही, हे दोन्ही घरांच्या बाहेरचा जो मनुष्य सांगू शकेल, त्याची जबानी त्या मुलीच्या उपयोगी पडते.